पालुपद धरणारे

माझ्या वादनाबद्दल माझ्या वडिलांचं एकच मत आहे आणि ते ठाम आहे. पोरगा सुरुवात झकास करतो, पण मध्येच विसरतो.

मी जॅझ गिटार वाजवतो. जॅझमध्ये सगळ्यांनी मिळून आधी एक चाल वाजवायची असते. मग एकेकाने ती सोडून मनाला येईल तिकडे भटकून यायचं आणि शेवटी सगळ्यांनी पुन्हा तीच चाल वाजवून घरी जायचं. लोक ऐकायला येतात ते त्या भटकण्यासाठी. मी आयुष्यभर रियाज केला तो त्या भटकण्याचाच. वडिलांच्या लेखी मात्र ते भटकणं म्हणजे विसरणं, आणि शेवटी चालीवर परत येणं म्हणजे आठवणं. त्यामुळे कार्यक्रम संपला की ते माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणतात, ‘‘आठावला शेवटाक. बरा झाला.’’

मला फार मोठे मानसन्मान मिळाले नाहीत आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. एकदा, फक्त एकदा, या गृहस्थांनी कबूल करावं की मी विसरलो नव्हतो, एवढीच माझी इच्छा होती. ही इच्छा किरकोळ वाटत असेल, तर तुम्ही आमच्या वडिलांना ओळखत नाही.

त्यांची बाजूही सांगायला हवी. रत्नागिरीजवळच्या पालीच्या बाजारात त्यांचं पंपाच्या मोटारी भरून द्यायचं दुकान होतं. दिवसभर जळक्या मोटारींतून काळी पडलेली तार उपसायची आणि नवी तांब्याची तार गुंडाळायची. संध्याकाळी हात घासलेटने धुऊन भजन मंडळात कोरसला बसायचं. कोरस म्हणजे बुवांच्या मागे बसून पालुपद म्हणणारे. बुवा पेटी घेऊन पुढे बसतात, ते कडवी गातात, नाव त्यांचं होतं, शालही त्यांनाच मिळते. मागच्यांना चहा मिळतो.

पण कोरसचं एक काम असं आहे की ते बाहेरच्या माणसाला कळत नाही. बुवा कधीकधी कडवं विसरतात. माणूस आहे, विसरणारच. अशा वेळी बुवांनी थांबायचं नसतं आणि कोणाकडे बघायचंही नसतं. मागच्यांनी आपणहून पालुपद उचलायचं आणि ते धरून ठेवायचं. एकदा, दोनदा, दहादा. टाळ जोरात, आवाज जोरात, जणू भक्तीच अनावर झाली आहे. ऐकणारे माना डोलवतात आणि तेवढ्यात बुवांना कडवं आठवतं. आमच्या मंडळात हे पालुपद सर्वांत आधी उचलायचे ते माझे वडील. बुवांची मान मागून जराशी खाली गेलेली दिसली, की वडिलांचा आवाज चढलाच. बाकीचे त्यांच्यामागून. बुवांना तोंडघशी पडू द्यायचं नाही, हा त्यांचा आयुष्याचा धर्म. एकदा पुढे बसून गा असं त्यांना कोणीतरी सुचवलं होतं, तर ते घरी येऊन चिडले होते. म्हणाले, मी पुढं बसलो तर मागं कोन?

या घरात गिटार आली ती पंपाबरोबर. किनाऱ्यावरच्या एका गावातले चाचा कुवेतला क्रेन चालवायचे. सुट्टीवर येताना त्यांनी मुलासाठी गिटार आणली आणि मुलाला हवी होती मोटारसायकल. गिटार माळ्यावर गेली. पुढच्या सुट्टीत त्यांचा पंप जळला, तेव्हा पंप आणि गिटार ते एकाच रिक्षातून आमच्या दुकानात घेऊन आले. त्यांचं म्हणणं असं की दोन्हींत तारा आहेत, दोन्ही बंद आहेत, तर दोन्ही एकदमच बघून टाका. वडिलांनी दोन्ही ठेवून घेतलं. तारांचं काम त्यांनी कधी परत पाठवलेलं मला आठवत नाही.

गिटारची एक तार तुटलेली होती. वडिलांनी स्कूटरच्या ब्रेकच्या केबलमधली एक काडी उसवून ती बसवली. मग वाद्याचा आवाज बारीक आहे, म्हणजे यातही कॉइल कमी पडली असणार, असं निदान केलं. लोहचुंबकाभोवती त्यांनी पंपाची तार इतकी गुंडाळली की ते प्रकरण सुपारीच्या अडकित्त्याएवढं जड झालं, आणि ते तारांखाली पट्टीने चिकटवून मंडळाच्या भोंग्याला जोडलं. पहिल्यांदा तार छेडली तेव्हा समोरच्या न्हाव्याच्या दुकानातला दिवा मंदावला. चाचा पंप घ्यायला आले, त्यांनी गिटारचा भोंग्यातला आवाज ऐकला आणि पंप तेवढा घेऊन गेले. जाताना एक कॅसेट मात्र देऊन गेले. गिटारबरोबर फुकट मिळाली होती, म्हणाले, आमच्याकडे कोणी ऐकत नाही.

त्या कॅसेटवर नाव नव्हतं. आत कोणीतरी गिटार वाजवत होता आणि तो कुठे चालला आहे ते मला कळत नव्हतं, पण त्याच्यामागे जावंसं वाटत होतं. मी ती रोज संध्याकाळी ऐकायचो आणि तशीच वाजवायला बसायचो. सांगायची गोष्ट अशी की पालीत संध्याकाळी व्होल्टेज पडायचं. सगळ्या वाड्यांवर दिवे लागले, की आमचा टेपरेकॉर्डर दमा लागलेल्या माणसासारखा चालायचा. मी सगळं जॅझ त्या व्होल्टेजवर शिकलो. पुढे मुंबईला गेलो आणि पहिल्याच तालमीत पियानोवाल्याने हात थांबवून विचारलं, की तू हे इतकं सावकाश आणि इतकं खालच्या पट्टीत का वाजवतोयस? मी म्हणालो, हे असंच आहे. त्याने मला मूळ ऐकवलं. ते ऐकून माझी पहिली प्रतिक्रिया अशी, की यांच्याकडे लाईट फार चांगली आहे.

मुंबईतल्या माझ्या कारकिर्दीबद्दल बोलण्यासारखं थोडं आहे. मी मोठ्या हॉटेलांच्या लॉबीत वाजवलं. लॉबीत वाजवणाऱ्याने असं वाजवायचं असतं की कोणाच्या लक्षात येऊ नये, आणि थांबला तर मात्र सगळ्यांच्या लक्षात यावं. लग्नांत वाजवलं. एका बुटांच्या दुकानाच्या उद्घाटनात शोकेसमध्ये बसून वाजवलं, तेव्हा एक बाई काचेवर टकटक करून माझ्या पायातल्या बुटांचा नंबर विचारत होती. वडील कधीमधी मुंबईला यायचे, हॉटेलच्या लॉबीत खांबासारखे ताठ बसून ऐकायचे आणि मी चाल सोडली की त्यांचा चेहरा कसनुसा व्हायचा. इथे आपण एकटेच आहोत, मंडळ नाही, पोराला धरणारं कोणी नाही, या विचाराने त्यांना घाम फुटत असे. हे मला त्यांनी नंतर सांगितलं. तेव्हा मला वाटायचं, एसी कमी असेल.

मग मी परत आलो. माझ्या गिटारच्या शिकवण्या ऑनलाइन झाल्या होत्या, आई थकली होती आणि मला गावाकडच्या समुद्राचा वास हवा होता. आरे-वारेच्या रस्त्यावर एक नवं रिसॉर्ट झालं होतं. त्याच्या मालकाने मला दर शनिवारी संध्याकाळी वाजवायला बोलावलं. सावर्ड्याचा एक चित्रकलेचा शिक्षक बेस वाजवायचा, तो मिळाला. ड्रमला रत्नागिरीतल्या एका बेंजो पार्टीचा गडी मिळाला. तो चांगला होता, फक्त अधूनमधून त्याला आपण विसर्जनाच्या मिरवणुकीत आहोत असं वाटायचं.

मालकाला जॅझमधलं काही कळत नव्हतं आणि तसं तो सांगायचाही. पहिल्या शनिवारनंतर तो फारच खूश होऊन माझ्याकडे आला. मला वाटलं, वाजवणं आवडलं. तो म्हणाला, ‘‘आज वानर आलेच नाहीत ओ!’’ रोज संध्याकाळी वानरांची टोळी मागच्या बागेतून स्वयंपाकघरावर चालून यायची. मी वाजवायला लागलो आणि ती फिरकली नाही. त्यापुढे दर शनिवारी मालक माझं कौतुक याच शब्दांत करायचा. शेजारच्या एका आंबा बागायतदाराने ही कीर्ती ऐकून माझं वादन मोबाइलवर रेकॉर्ड करून नेलं आणि हंगामात बागेत भोंग्यावर लावलं. आठवड्याभरात त्याची तक्रार आली, की वानर पळतात, पण संथ गाणं लागलं की परत येऊन बसतात, तर संथ गाणी वगळून रेकॉर्डिंग देता येईल का?

आपल्या वादनाला इतका चोखंदळ श्रोता मिळाला याचा मला आनंदच व्हायला हवा होता. पण मला वानरांचं मत नको होतं. मला वडिलांचं हवं होतं.

तिसऱ्या की चौथ्या शनिवारी वडील आले आणि एकटे आले नाहीत. सगळं भजन मंडळ पांढऱ्या टोप्या घालून सुमोतून आलं. बुवांच्या मागे बसतात तसे ते आमच्या मागे येऊन बसले, मांडीवर टाळ. मला वाटलं, येताना कुठे तरी भजन असेल. आम्ही पहिली चाल वाजवली. पुण्याहून आलेली मंडळी सोलकढी पीत होती, वारा चांगला होता. मग मी चाल सोडली आणि भटकायला निघालो. चार पावलं गेलो असेन, तोच मागून एक आवाज चढला. वडिलांचा. माझी चाल ते शब्दांशिवाय, पण खणखणीत आवाजात म्हणत होते. मग सगळा कोरस. मग टाळ. जणू भक्ती अनावर झाली होती.

मी मान वळवून बघितलं. वडिलांनी डोळ्यांनीच धीर दिला, की घाबरू नकोस, आम्ही आहोत.

आता सांगा, अशा वेळी काय करायचं? मी नेटाने भटकत राहिलो. जितका दूर गेलो तितका त्यांचा आवाज वाढला, कारण पोरगा फारच अडकलाय असं त्यांना वाटलं. ड्रमवाल्याला टाळ ऐकून गणपती आठवले आणि तो सुटला. बेसवाला शिक्षक माणूस, त्याने डोळे मिटून घेतले. शेवटी मी हार पत्करून चालीवर आलो आणि मंडळाने ‘हां!’ असा सुटकेचा मोठा हुंकार दिला. पुणेकरांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मालकाने दुसऱ्याच दिवशी गेटवर फलक रंगवून घेतला: ‘दर शनिवारी जॅझ-भजन. माकडांचा त्रास नाही.’

असं कितीतरी शनिवार चाललं. दर शनिवारी मी विसरायचो आणि दर शनिवारी मला वाचवण्यात यायचं. मंडळाला रिसॉर्टवर जेवण मिळायचं, सुरमईची थाळी, त्यामुळे त्यांच्या बाजूने काही अडचण नव्हती. मला मात्र राग यायचा, चांगलाच यायचा. आयुष्यभर कमावलेली गोष्ट लोकांसमोर आजारपणासारखी सांभाळली जात होती.

एका शनिवारी परतताना मी मोटारसायकल वाटेत थांबवली. वडील मागे बसले होते. म्हटलं, आज सांगूनच टाकतो.

‘‘बाबा, मी विसरत नाय. मी मुद्दाम जातो.’’

‘‘कुठं जातोस?’’

‘‘चाल सोडून. दुसरीकडे. तेच तर वाजवणं आहे.’’

ते अगदी शांतपणे म्हणाले, ‘‘मुद्दाम जातोस, तर मंग परत येतोस कशाला?’’

मुंबईतल्या कुठल्याही उस्तादाने मला हा प्रश्न विचारला नव्हता. मी गाडीला किक मारली आणि थेट पालीला आणली. घरी आल्यावर आईला त्यांनी सांगितलं, ‘‘मान्य करायला लाजतो बिचारा.’’ आई भाकऱ्या भाजत होती. ती म्हणाली, ‘‘तुमी तरी कवा काय मान्य केल्यात?’’ त्यावर ते जेवायला बसले.

त्या वर्षी गणपतीत पाचव्या दिवशी बुवांचा घसा बसला. रोज पाच-सहा घरी भजन म्हटल्यावर दुसरं काय होणार! आवाज असा गेला की चहा मागायलाही खुणा कराव्या लागत होत्या. आणि त्या दुपारी भजन होतं आमच्याच घरी. मंडळ आलं, टाळ-मृदंग आला, पाहुण्यांनी घराची पुढची ओटी भरून गेली आणि बुवा घरीच गरम पाण्याच्या गुळण्या करत बसले. पेटी वाजवणारंही दुसरं कोणी नव्हतं. मृदंगवाल्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, तुझा तो गिटार आण. मग सगळ्यांनी वडिलांकडे बघितलं.

वडील म्हणाले, ‘‘मी पुढं बसलो तर मागं कोन?’’

‘‘आमी हाव ना!’’ सगळे म्हणाले. एवढी माणसं मागे बसलेली असताना हा प्रश्नच हास्यास्पद होता. त्यांना हाताला धरून पुढे बसवलं. मी त्यांच्याशेजारी गिटार घेऊन बसलो, तीच, ब्रेकच्या तारेची. वडिलांचे कान लाल झाले होते. घरचा गणपती, सगळे नातेवाईक समोर, आणि हा माणूस जन्मात पहिल्यांदा कडवं गाणार. मला त्यांची काळजी वाटत होती आणि खोटं कशाला बोलू, थोडी गंमतही वाटत होती.

त्यांनी एक गौळण घेतली. पालुपद तर त्यांचंच, ते त्यांनी झोपेतही म्हटलं असतं. पहिलं कडवं छान गेलं. आई दारात येऊन उभी राहिली. दुसऱ्या कडव्याला त्यांनी सूर लावला, अर्धी ओळ म्हटली आणि थांबले. मान जराशी खाली गेली.

मागच्यांनी पालुपद उचललं नाही. त्यांना कळलंच नाही! इतकी वर्षं वडिलांनी सूर काढला की आपण त्यांच्यामागून म्हणायचं, एवढंच त्यांना ठाऊक. मानेकडे बघायचं असतं हे त्यांतल्या कोणालाच माहीत नव्हतं. सगळी मंडळी टाळ हातात घेऊन नेहमीच्या जागेकडे बघत होती, वडील कधी सुरू करतात म्हणून. ती जागा रिकामी होती आणि वडील पुढे होते. मृदंग एकटाच वाजत राहिला. माझी एक आत्या बाजूच्या बाईच्या कानात कुजबुजली, ‘‘इसरला गो.’’

मी पालुपद वाजवलं. विचार केला नाही, हात गेला. एकदा वाजवलं, दुसऱ्यांदा जोरात वाजवलं, तेव्हा कोरस जागा झाला आणि मागून आला. टाळ आले. आता वडिलांनी कडवं आठवायचं आणि यायचं, एवढंच बाकी होतं. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटले होते.

ते आले नाहीत. त्यांनी ‘आ’ लावला. आधी इतक्या खाली, की मला वाटलं खाकरतायत. मग तो आवाज वर निघाला. शब्द नाहीत, कडवं नाही, गौळणीशी त्याचं लांबचं नातं. पालुपद आम्ही धरलेलं आणि ते त्याच्यावरून, बाजूने, भलतीकडेच चाललेले. एका ठिकाणी त्यांनी असा काही वळसा घेतला की माझी बोटं दचकली. तो वळसा माझा होता. रिसॉर्टवर मी तो घेतो, चाल सोडल्यावर, बऱ्यापैकी दूर गेल्यावर. त्या वेळी हे गृहस्थ मागे बसून जिवाच्या आकांताने मला परत बोलावत असतात. म्हणजे बोलावता बोलावता ऐकतही होते. इतके शनिवार.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी खाली मान घालून वाजवत राहिलो.

पण पाहुणे चुळबुळ करायला लागले होते. आत्याचं कुजबुजणं आता ओटीभर पसरलं होतं. आरती व्हायची होती. त्यांची फजिती होऊ नये म्हणून मी मृदंगवाल्याला खूण केली. त्याने शेवटाची तिहाई घेतली, कोरसने आवाज चढवला आणि वडील समेवर आले, अचूक. डोळे उघडून त्यांनी असं बघितलं, जणू एसटीतून वेगळ्याच स्टॉपवर उतरले आहेत. सगळ्यांनी सुटकेचा ‘हां!’ केला. गौळण संपली.

आरती झाली, पातोळ्या आणि चहा फिरला. वडील मागच्या पडवीत एकटे बसून बशीतून चहा पीत होते. मी शेजारी जाऊन बसलो. इतक्या वर्षांनी माझी वेळ आली होती आणि ती मी सोडणार नव्हतो. त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, ‘‘आठवलं ना शेवटी? बरं झालं.’’

‘‘इसरलो व्हतो पयल्यांदा,’’ ते म्हणाले. ‘‘मंग कडवा लगेच आठावला.’’

‘‘आठवलं होतं? मग आलात का नाही?’’

त्यांनी बशी खाली ठेवली. मोटारीत एखादी तार भलतीकडे लागलेली सापडावी तसा त्यांचा चेहरा झाला होता. मग माझ्याकडे न बघताच, जरा रागावून म्हणाले, ‘‘तू लवकर मिटवलास. अजून जरा धरायचा व्हतास. मी खुशाल व्हतो तिकडं.’’

मी त्यांच्या बशीत आणखी थोडा चहा ओतला.